तोलाजीची उडी

मी, राधाकृष्ण सावळेराम देवकर, वय अडुसष्ट, निवृत्त भूकरमापक, राहणार कोल्हार, जिल्हा अहिल्यानगर, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाचेही दडपण नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. शुगर आहे, गुडघे गेलेत, पण बांध तिरका की सरळ ते अजून नजरेने सांगतो.

१. राहते घर आणि बँकेत जे असेल ते पत्नी जया हिचे. ती असेपर्यंत घर विकायची भाषा कोणी काढू नये.

२. प्रवरेकाठची दीड एकर जमीन मुलगा आदिनाथ यास. उत्तरेचा हद्दीचा दगड शेजारी हनुमंत याच्या ट्रॅक्टरने दोनदा हलवला आहे. हनुमंत साक्षीदार म्हणून हे वाचणारच, म्हणून मुद्दाम लिहिले.

३. माळ्यावरची पत्र्याची पेटी नात संस्कृती हिला. आदिनाथ, हसू नकोस. १९८८ साली पुण्याच्या जुन्या बाजारात रद्दीत मला हा खेळ सापडला. एकाने एक अद्भुत जग सांगायचे, बाकीच्यांनी त्यात आपापला वीर काय करतो ते सांगायचे, आणि जमले की फसले ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचे. पेटीत चार पातळ इंग्रजी पुस्तके आहेत, एकेकात एक मोहीम. मुखपृष्ठ सुटे, आणि त्याच्या आतल्या बाजूला भुयाराचा निळा नकाशा. जन्मभर नकाशेच पाहिले, पण देवाशपथ सांगतो, इतका देखणा आमच्या कचेरीत एक नव्हता! एका खोलीला चार ओळी: दार कुठे, राक्षस झोपलाय की जेवतोय. बाकीचे तुम्ही रचा. एका कडेला नुसते ‘पुढे दलदल’ लिहून लेखक मोकळा झालाय. त्या दलदलीत आम्ही दोन उन्हाळे काढले. पुस्तकातले गाव मी राजूरवर बेतले, तिथे आधी नोकरीला होतो. आमचे वीर दोर आणि मशाली राजूरच्या बाजारातूनच घेत. संस्कृतीकडची याच खेळाची नवी पुस्तके जाडजूड, रंगीत, सगळे सांगून टाकणारी. चांगली असतील. पण ज्याने ती दलदल आमच्यासाठी मोकळी सोडली, त्याचे पाय धरावेत असे मला वाटते.

पेटीत फासा नाही. तो कुठे गेला ते मला ठाऊक आहे.

४. मोजणीची लोखंडी साखळी श्रीमंत गव्हाणे, राहणार जामखेड, यास. हे कलम लांबेल.

श्रीमंत कचेरीत माझ्या साखळीचे दुसरे टोक धरायचा. तिथे मला साहेब म्हणे. रविवारी दुपारी जया, हनुमंत आणि मी यांच्याबरोबर खेळायला बसला की राधाभाऊ. त्याच्या वीराचे नाव तोलाजी. मे १९९१ मध्ये तोलाजी भुयारातल्या एका फटीशी आला. नकाशावर फट एक चौकोन रुंद. मी म्हणालो, तेहतीस फूट.

श्रीमंतने फासा टाकला. वीस! याहून मोठा आकडा त्यावर नाही.

‘तेहतीस फूट कोणी उडत नाही. तोलाजी मेला,’ मी म्हणालो.

‘राधाभाऊ, गुंठ्याएवढी फट आसती व्हय कुठं? नीट बगा की.’

‘नकाशा मी वाचतो. तू साखळी धर.’

त्याने तोलाजीची ताकद आणि सामान लिहिलेला कागद फाडून टाकला, फासा खिशात घातला. ‘बरं, साहेब,’ म्हणाला आणि गेला. महिन्याभरात जामखेडला बदली मागून घेतली.

गेल्या दिवाळीत संस्कृतीने नकाशाच्या कोपऱ्यातली बारीक ओळ दाखवली: एक चौकोन म्हणजे दहा फूट. मी सवयीने चौकोन गुंठ्याचा धरला होता, बाजू एक साखळी, तेहतीस फूट. आयुष्यात कोणाची वीतभर जमीन चुकवली नाही, आणि आपल्याच माणसाच्या बाबतीत तेवीस फूट चुकलो. दहा फूट तर हनुमंतही उडेल! आणि फुटांपेक्षा ते ‘साखळी धर’ वाईट. त्याची मला लाज वाटते. तीनदा फोन लावला, रिंग जायच्या आत कापला. जीभ रेटत नाही, म्हणून कागदावर लिहितो.

सबब जाहीर करतो की तोलाजी पलीकडे पोहोचला. तो जिवंत आहे. त्याचा फाटका कागद मी खळीने चिकटवून ठेवला आहे, तोही श्रीमंतला. फटीपलीकडे काय आहे ते एका मोहरबंद पाकिटात लिहिले आहे. माझ्या पश्चात संस्कृतीने जामखेडला जाऊन ते त्याला वाचून दाखवावे.

पुरवणी: साक्षीला हनुमंत आणि त्याची बायको असे ठरले होते. जयाने मला न विचारता जामखेडला फोन लावून कलम चार अख्खे वाचून दाखवले. वर मलाच म्हणते, ‘अहो, मेल्यावर माफी मागतात का कुठं?’ आज अकराच्या एसटीने श्रीमंत आला. केस पार पांढरे झालेत. ज्याला काही मिळणार त्याने साक्ष करू नये असे ऐकतो, म्हणून साखळी आणि कागद आजच त्याच्या हातात दिले. पाकीट तेवढे राहिले.

ठिकाण: कोल्हार. रविवार, १४ डिसेंबर २०२५.

सही: राधाकृष्ण सावळेराम देवकर

साक्षीदार १: हनुमंत. दगड ट्रॅक्टरनं न्हाई, म्हशीनं हलवला.

साक्षीदार २: श्रीमंत गव्हाणे. समदं वाचलं, सही केली. पाकीट मेल्यावर न्हाई चालायचं, राधाभाऊ. फासा आनलाय. पलीकडं काय हाय ते आत्ता सांगा.