नेतृत्वगुण आणि पुठ्ठ्याचा पूल

३ मार्च, सकाळी ६.१०
कंपनीचा मेल आला. असेसमेंट डे, १८ तारखेला. लेखी परीक्षा, गटात काम, मुलाखत. ही कंपनी पदवीनंतर दोनच वर्षं फ्रेशर मानते. बाकीच्यांचंही तेच. माझी दोन वर्षं महिनाअखेरीस भरतात. म्हणजे शेवटचा चान्स. दडपण अजिबात नाही. उद्यापासून पहाटे पाचला उठणार.

४ मार्च, ९.४०
पाचला उठलो होतो. गजर बंद करायला. शरीराला एकदम धक्का देऊ नये.

६ मार्च
मेकॅनिक्सचं पुस्तक काढलं. पहिल्या पानावर माझं नाव सुंदर अक्षरात. पुढची पानं कोरी करकरीत. ताई म्हणाली, तहान लागल्यावर विहीर खणतोयस. ताई बँकेत आहे, तिला इंजिनिअरिंगमधलं काय कळणार. टाइमटेबल केलं, चार रंगांत. दिवस त्यातच गेला, पण पाया भक्कम झाला.

९ मार्च, दुपारी
मोठा शोध. एका व्हिडिओत सांगितलंय, कंपनीला ज्ञान नको, लीडरशिप हवी असते. गटात जो वेळ सांभाळतो तो आपोआप लीडर ठरतो. पुस्तक परत माळ्यावर.

१२ मार्च
घरच्यांना घेऊन सराव. काम: जेवणाचं टेबल खिडकीकडे नेणे. मी वेळ सांभाळली. बाबा आणि ताईने टेबल उचललं. बाबा तीस वर्षं फिटर आहेत, तरी मध्येच थांबून म्हणाले, उंटावरून शेळ्या हाकू नकोस, जरा हात लाव. व्हिडिओत याला स्पष्ट मनाई आहे. "चार मिनिटं राहिली," असं मी शांतपणे सांगितलं. आत्मविश्वास वाढलाय.

१७ मार्च
ट्रस, म्हणजे पुलांचा तो त्रिकोणी सांगाडा, नक्की कसा चालतो, एकदा बघून घ्यावं असं वाटलं. माळ्यावर चढलो. धुळीने शिंका आल्या, उतरलो. शर्टला इस्त्री केली. झोप येत नाही म्हणून तीनदा गजर तपासला. हवा बदलली असेल.

१८ मार्च, संध्याकाळी
लेखी परीक्षेत निम्मे प्रश्न चेहऱ्याने ओळखीचे होते.
मग सहा जणांचा गट. पुठ्ठा, दोरी, चिकटपट्टी. दोन टेबलांमध्ये पूल बांधायचा, त्यावर पाण्याची भरलेली बाटली राहिली पाहिजे. "वेळ मी बघतो," असं आम्ही पाच जण एकदम म्हणालो. सगळ्यांनी तोच व्हिडिओ पाहिला होता. मी सर्वांत मोठ्याने म्हणालो, म्हणून काम मला मिळालं. सहावी, एक चष्मेवाली, तोवर पुठ्ठा कापायला लागली होती. बाकीचे तिच्या हाताखाली गेले. पूल झाला. बाटली राहिली.
परीक्षक बाईंनी मला विचारलं, मधले त्रिकोण कशासाठी? म्हणालो, टीमचा निर्णय होता.
"आणि तुमचं काम?"
"मी वेळ पाहिली."
त्यांनी भिंतीकडे बघितलं. तिथे हे एवढं मोठं घड्याळ होतं.
मुलाखत उत्तम झाली असावी. सहा मिनिटांतच त्यांचं समाधान झालं.

२६ मार्च
नकार. खाली एकच शेरा: वेळेचं भान चांगलं आहे. हे त्यांनी निदान मान्य केलं. ताईला मेल दाखवला. तिने चक्क मला चहा करून दिला. त्याचीच जास्त भीती वाटली.

३१ मार्च, दुपारी ३
दोन वर्षं भरली. सकाळी कामावर निघताना बाबा म्हणाले, "आमच्या साहेबांकडे शब्द टाकतो. तुला नक्की काय काय येतं, तेवढं लिहून ठेव." आवाज चढवला नाही. खरंच विचारत होते.
मला फार लाज वाटली. लगेच कागद घेऊन बसलो.
एकचा आकडा लिहून पुढे टिंब दिलंय. बाबा पाचला येतात.