'सिक्स टन बेल' लाइव्ह आणि माझी आरोळी

२ एप्रिल २०२५
वाचनालयाच्या व्याख्यानमालेत शनिवारी मी बोलणार. आंब्याच्या मोहोरावर पडणाऱ्या तुडतुड्यांचे देवगडचे तज्ज्ञ येणार होते, पण आंब्याचा सीझन, त्यांना सवड नाही. चिटणीस सत्यवतीबाईंनी विचारलं, कुठल्याही विषयावर बोलाल का? म्हटलं, कुठल्याही नाही. एकाच. 'सिक्स टन बेल' या मुंबईच्या हार्ड रॉक बँडचा १९७८चा दोन तबकड्यांचा लाइव्ह अल्बम : गुण आणि दोष. बाईंनी चष्मा काढून पुसला. भारावल्या असाव्यात.

३ एप्रिल, सकाळ
संकल्प : निःपक्षपाती राहायचं. रेकॉर्डिंग झालं त्या कार्यक्रमाला मी स्वतः हजर होतो म्हणून झुकतं माप नाही.
गुण : पहिल्या बाजूची गिटार. अजून काटा येतो.
दोष : गायकाला दम लागतो. बेस ऐकूच येत नाही. संथ गाणं शेवटची एसटी पकडायची असल्यासारखं उरकलंय.
सर्वात मोठा गुण : दुसऱ्या बाजूचा शेवट. गायक विचारतो, आर यू रेडी? मुंबईची पोरं नुसत्या शिट्ट्या मारतात. आणि मग, देवळात देवाला गाऱ्हाणं घालताना सगळे ओरडतात तसं, एकच खणखणीत "व्हय म्हाराजा!" त्यावर हॉलभर हशा आणि टाळ्या. ओरडणारा तो मी. रॉकच्या इतिहासात मालवणी माणसाचं योगदान एवढंच, आणि ते माझं आहे.
लग्नही त्यावरच जमलं. किशोरीला बघायला गेलो तेव्हा दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं. तिचा थोरला भाऊ बाबली माझा गिरगावातला रूममेट, कार्यक्रमाला बरोबर होता. मी सांगत होतो तेव्हा तो मान खाली घालून बसलेला. अभिमानाने असेल.

४ एप्रिल
सराव. तिसऱ्या बाजूवर ड्रम सोलो आहे, संपता संपत नाही. दोष म्हणून लिहिला. तेवढ्यात किशोरीने सगळी कोळंबी सोलून, धुऊन, मीठ-हळद लावून ठेवली. म्हणाली, ह्यां बरां आसा, हात चलतत. दोष खोडला. मग परत लिहिला. समीक्षकाने कोळंबीच्या दबावाखाली येता कामा नये.
आरोळीबद्दल तिला पुन्हा सांगितलं. म्हणाली, माका पाठ आसा. पण हसली. इतक्या वर्षांनीही हसते, हे बरं आहे.

५ एप्रिल, दुपार
चर्चजवळच्या साउंडवाल्या स्टॅनलीने प्लेअर आणि मोठे स्पीकर रिक्षातून पाठवले. बाबलीला पहिल्या रांगेत बसवणार. हल्ली देवळात गाऱ्हाण्याला ओरडायला तोच पुढे असतो, पण संगीतातलं काही कळत नाही. शिकेल.

५ एप्रिल, संध्याकाळ
हॉल भरलेला. निम्मे तुडतुड्यांसाठी आलेले. फळ्यावरचा विषय बदलायचं कुणालाच सुचलं नव्हतं.
दोष वाचले. गुण वाचले. एकाने विचारलं, मोहोर गळता त्येका काय मारूचा? मी दुसरी बाजू लावली.
गायक म्हणाला, आर यू रेडी? मी छातीवर हात ठेवला, म्हणजे लोकांना कळावं. स्पीकरमधून आलं, व्हय म्हाराजा! आणि लगेच पहिल्या रांगेतूनही आलं. सवयीने. बाबलीच्या तोंडून. तोच सूर, तशीच शेवटाला ओढ, तिथेच आवाज चिरकलेला.
कुणीतरी म्हणालं, परत लावा. कशाला लावायचं? टाळ्या पडल्या, बहुतेक भाषणाला.
किशोरी हसली नाही. आधी भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

६ एप्रिल, सकाळ
किशोरीने नाश्ता फक्त स्वतःपुरता केला. तिला समजावलं की मालवणी माणसांचे आवाज सारखेच असतात. खारी हवा.

६ एप्रिल, दुपार
बाबली फणस घेऊन आला. किशोरीसमोर म्हणाला, भावजी, तो आवाज तुमचोच. मी तेव्हा भायर च्याय पिऊक गेल्लंय. अत्यंत वस्तुनिष्ठ विधान. मला लगेच पटलं.
किशोरीने त्याला विचारलं, च्याय खंय गावली? बाबली अडखळला. खोटं बोलायची सवय नाही बिचाऱ्याला. मग मीच मदतीला धावलो. म्हटलं, अगं, हॉलमागे जिन्याखाली टपरी होती. ही एवढी रांग. दोन्ही ग्लास इतके गरम की बोटं भाजली, आणि आत एकदम हशा आणि टाळ्या झाल्या तेव्हा दचकून अर्धा चहा चपलेवर सांडला.
किशोरी म्हणाली, तुमका ह्यां कसां म्हायत?
बाबली फणसाकडे बघत राहिला.

६ एप्रिल, संध्याकाळ
समीक्षेत एक दोष वाढवला : दुसऱ्या बाजूला प्रेक्षकांचा आवाज गरजेपेक्षा स्पष्ट आहे.