डायनोच्या पायाखालचा ठोका

३ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे. मी, रॉली, माझी कॅरॅव्हॅन आणि आयुष्यभर जमवलेली हत्यारं. ग्लेनिस फाटकातच उभी होती. म्हणाली, मर्व, तुला कानांसाठी बोलावलंय, तोंडासाठी नाही, तेव्हा तोंड जरा बेतानं चालव. बाई साठीची आहे, बापाचा धंदा चालवते. जुन्या शर्यतीच्या गाड्यांची सहा सिलिंडरची एंजिनं उघडायची आणि नव्यासारखी बांधायची. ॲडलेड, मेलबर्न, कुठून कुठून हौशी लोक तिच्याकडे येतात. माउंट गॅम्बियरमधली जागा पुरेना, म्हणून गावाबाहेर पाइनच्या जंगलाला लागून ही नवी शेड. पत्रे चढलेत, खालची जमीन अजून व्हायची आहे.

मागची खोली डायनोची, म्हणजे एंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राची. तिथे एंजिन गाडीत न घालता जमिनीला बांधायचं आणि पूर्ण ताकदीनं पळवून बघायचं. तिचा पाया खोल लागतो. तो मी माझ्या देखरेखीखाली घालणार. पन्नाशी उलटल्यावर कुणी असं काम हातात देईल असं वाटलं नव्हतं. खूश आहे.

रॉली माझा धाकटा भाऊ. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. सात महिने झाले, रॉली दारूच्या थेंबाला शिवलेला नाही. पण त्याची ख्याती अशी, की चालू काम टाकून उठतो आणि कुणाला न सांगता दुसऱ्या राज्यात निघून जातो. लोक त्याला सटकू म्हणतात. ग्लेनिसला मी शब्द दिलाय, की या वेळी टिकेल. टिकावा. मला दुसरं काही नको.

१२ फेब्रुवारी

खणणं चालू. इथली जमीन म्हणजे नुसती चुनखडी, चीजसारखी भोकाभोकांची. काँक्रीटवाला स्टाव्रो सांगतो, की त्याच्या मामेभावाच्या अंगणात एका सकाळी पोहण्याचा तलावच खाली गेला, बदकासकट. बदक प्लास्टिकचं होतं हे त्यानं मागाहून सांगितलं. रॉली पोट धरून हसला. त्याला असं हसताना पाहून किती काळ लोटला! संध्याकाळी तिघांनी शेडच्या दारात बसून मटण भरलेल्या गरम पेस्ट्र्या खाल्ल्या. सॉस माझ्या शर्टावर सांडला. स्टाव्रो म्हणाला, तुझ्यापेक्षा शर्टच जास्त जेवला.

२० फेब्रुवारी

आज पाया ओतला. म्हणजे ओतत राहिलो. पहिला ट्रक रिकामा झाला आणि खड्डा होता तेवढाच. काँक्रीट कुठेतरी पाझरून चाललं होतं. मी म्हटलं, थांबा, आत पोकळी आहे, आधी बघू. स्टाव्रो म्हणाला, होऊन जाईल रे, आणखी एक ट्रक मागव. इथला हा राष्ट्रीय मंत्रच आहे, होऊन जाईल. रॉलीला टॉर्च देऊन खाली उतरवलं. तो बराच वेळ भिंतीला कान लावून उभा होता. वर आला तो पांढराफटक. काही नाही म्हणाला. दुसऱ्या ट्रकनं खड्डा भरला. चहाच्या सुट्टीला सगळे जमलो, तर रॉली नाही. कॅरॅव्हॅनमध्येही नाही.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ग्लेनिस एवढंच म्हणाली, सटकला. स्टाव्रोनं त्याचा चहा पिऊन टाकला. मीही चार शिव्या हासडल्या. फार राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

१८ मार्च

पाया पक्का झाला. आज पहिलं एंजिन डायनोवर चढवलं आणि सुरू करताच ते ठोकायला लागलं. आत खोलवर ठक, ठक. मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एंजिनला आणि मूठ कानाला लावली. आम्ही एंजिनवाले असंच ऐकतो. डॉक्टरची नळी नंतर आली असेल. ठोका खरा होता. एंजिन सोडवलं, उघडलं. बेअरिंगं आरशासारखी. ग्लेनिस म्हणाली, कान पिकले की काय रे तुझे? या वाक्याचा मला राग आला. माझा कान कधी चुकलेला नाही.

२४ मार्च

तीन एंजिनं झाली. तिन्हींना तोच ठोका, तिन्हींच्या आत काही नाही. आज मशीन बंद असताना सहज स्क्रूड्रायव्हर जमिनीवर टेकवला.

ठोका जमिनीत आहे.

एंजिनाचा नाही. एंजिन असं थांबत नाही. ठक, ठक, मग दम खाल्ल्यासारखं, मग ठक. मी पान्यानं दोनदा ठोकलं. खालून दोनदा आलं. तीनदा ठोकलं. तीनदा आलं.

रॉलीला बाहेर जाताना कुणीच पाहिलं नव्हतं. दुसरा ट्रक यायच्या आधी तो पुन्हा खाली उतरला असला तर? आम्ही नुसतं म्हटलं, सटकला.

२६ मार्च

ग्लेनिसला सांगितलं. आधी हसली, मग मायेनं बोलली, ते जास्त लागलं. महिन्याहून जास्त झाला मर्व, खाली माणूस असता तरी...  तिनं स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं. तिला काही ऐकू आलं नाही. पोलीस ठाण्यातला पोरगा म्हणाला, तुमचा भाऊ दरवर्षी हरवतो हो, यंदा जमिनीखाली का शोधताय?

कुणाचं ऐकू? माझा कान खोटं सांगत नाही. पोकळीत हवा असेल, पाणी असेल. माणूस चिवट असतो, रॉली तर फारच.

३० मार्च

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की मी जमिनीवर पालथा पडतो आणि त्याच्याशी बोलतो. काहीही. आईच्या पुडिंगबद्दल, त्या बदकाबद्दल. त्या दिवशी शिव्या दिल्या त्याबद्दल माफी मागितली. रडलोही. तो ऐकतो. मी बोलत असलो की ठोकत नाही, गप्प राहतो.

बोलून बोलून घसा बसलाय.

३ एप्रिल, गुड फ्रायडे

ग्लेनिस शर्यतींना व्हिक्टोरियात गेली. सोमवारपर्यंत इथे कुणी नाही. भाड्यानं ब्रेकर आणला आणि सकाळपासून तिचा नवा पाया फोडतोय. नोकरी जाणार. जाऊ दे.

दुपारी आरपार भोक पडलं. टॉर्च मारला. खाली काळी पोकळी. दोन ट्रक काँक्रीट ओतलं होतं, वरचा थर सोडला तर त्यातलं एक ढेकूळही तिथे नाही. कुठे गेलं?

हाक मारली. खालून उत्तर आलं. मर्व, हात दे. आवाज घोगरा, घशात माती गेल्यासारखा. आनंदानं ओरडलो, थांब रॉली, काढतो तुला. दोर आणायला कॅरॅव्हॅनकडे धावलो.

तिथे फोनवर निरोप पडला होता. सकाळचा. ब्रेकरच्या आवाजात वाजलेला कळला नाही.

रॉली. जिवंत. पार पश्चिम ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीच्या खाणीवर होता. म्हणाला, त्या खड्ड्यात भिंतीतून कुणीतरी ठोकतंय असं ऐकू आलं मर्व. मला वाटलं दारूनं अखेर डोकं गेलं, तुला कळायच्या आत पळालो. पण अजून थेंबाला शिवलेलो नाही. घरी येतोय, एका ट्रकवाल्यानं बसवून घेतलंय, रविवारी तुझ्या शेडवर पोचतो. तुला राग असेल. असू दे, येतोच.

दोर माझ्या हातात होता.

मग खाली कोण आहे?

४ एप्रिल

भोकावर लोखंडी पत्रा, त्यावर एंजिन. उपयोग नाही. आवाज येतो. घोगरेपणा गेलाय. आता स्वच्छ बोलतो, माझ्या आवाजात. थांब रॉली, काढतो तुला. पुडिंगचं सगळं सांगतो, शब्द न् शब्द. मी शिकवलं त्याला. आठवडाभर जमिनीला तोंड लावून शिकवलं —

ज्या पेट्रोलपंपावरून रॉलीनं फोन केला तिथे लावला. कालच निघाले म्हणाले. पुढे नलारबोरचं माळरान, फोन लागत नाही.

पोलिसांना सांगितलं. पोरगा म्हणाला, भाऊ सापडला ना, मग हॅपी ईस्टर.

त्याच्याशी बोलताना आवाज चिरकला. मग नुसती हवा.

संध्याकाळ

घशातून काही येत नाही. दुखत नाही. नुसतं नाही. तिकडे शेडमध्ये तो शीळ घालतोय. मी घालतो तशी.

५ एप्रिल

फाटकाशी बसलोय. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून धरलंय, आत जाऊ नकोस. आधी शेडच्या दारात उभा राहिलो होतो. तो बोलला की माझे ओठ हलतात. आपोआप. पाय आत चालू लागले. तिथे नाही थांबता येत.

ट्रक महामार्गानंच येणार. इथेच उतरेल. मला पाहील. एवढंच हवंय, मला आधी पाहू दे —

अकरा वाजून गेले. धुकं उतरलंय.

मागे जंगलातल्या रस्त्यावर ट्रक थांबल्याचा आवाज. लाकडाचे ट्रक तिकडून जातात. लाकडाचाच असेल. सुटीच्या दिवशी लाकडाचा —

दार आपटलं. कुणीतरी हसत थँक्यू म्हणालं.

पळतोय. पाय — अर्ध्या वाटेवर पाय थांबले, तो बोलतोय, माझे ओठ —

रॉली, इकडे मागच्या खोलीत आहे रे. ये, जरा हात दे.

मी नाही. मी इथे आहे. रॉली मी इथे बाहेर

आलो मर्व, म्हणाला. किती आनंदानं म्हणा