आवाज गेल्यानंतरचं बोलणं

आई,

अक्कलकोट रोडवरच्या त्या टॉवेलच्या कारखान्यात तू टेलिफोनच्या बोर्डावर बसायचीस. फोन कुणाचाही येवो, तू त्याच्या भाषेत बोलायचीस. विणकरांशी तेलुगू, दुकानदारांशी कन्नड, ट्रकवाल्यांशी आपली सोलापुरी हिंदी. तुला कधी न बघितलेले व्यापारीसुद्धा, ‘बाई बऱ्या आहेत ना,’ असं विचारायचे. कुंभारी गावात आपल्या घरी आलीस की मात्र तुझं तोंड मिटायचं. बाबा मी लहान असतानाच गेलेले, घरात आपण दोघीच. तू भाकऱ्या थापायचीस, मी ताटं घ्यायचे आणि काही विचारलं तर म्हणायचीस, “दिवसभर बोलून जीव दमलाय गं, आता नको.” तुझे सगळे शब्द त्या बोर्डावरच संपतात, असं मला वाटायचं.

मग घशाची गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं, जीव वाचला. गळ्याला पांढरा कपडा बांधून तू अंगणात बसून राहायचीस आणि शेजारणी तुझ्याशी मोठमोठ्यानं बोलायच्या, जणू तुला ऐकूच येत नाही. मी तेव्हा कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होते. तुझ्याच कारखान्यात मेलचा सर्व्हर बसवायचं काम आमच्याकडे आलं, आणि त्याबरोबर फॅक्सचं सॉफ्टवेअर. आता फॅक्स कागदावर येणार नव्हता, मेलसारखा थेट कॉम्प्युटरवर दिसणार होता. कारखान्याचे मालक मला म्हणाले, बाईंना आता घरीच आराम करू दे. मी म्हणाले, आलेले मेल आणि फॅक्स वाचून ज्याचे त्याला पाठवायचे, यात बोलायचं कुठं आहे? ते म्हणाले, महिनाभर बघू.

माऊसला तू आधी घाबरायचीस, हात लावला की तो पळून जाईल असं धरायचीस. कारखान्यानं मला सर्व्हर सांभाळायला ठेवून घेतलं, त्यामुळे माझी खोली तुझ्या शेजारीच. एक दिवस माझ्या कॉम्प्युटरवर तुझा पहिला मेल येतो, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी: डबा खाल्लास का. मी आपल्या मधल्या भिंतीकडे बघत बसते. तिथून पुढं तू थांबलीच नाहीस. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की तू लिहायचीस. माहेरचं, बाबांचं, कोण कसं वागलं त्याचं. एकदा लिहिलंस की माझ्याआधी तुला मुलगा झाला होता, महिनाभरही जगला नाही, आणि थोड्याच दिवसांत तू परत बोर्डावर बसलीस. ‘फोन घेताना दूध येऊन पदर भिजायचा. आवाजावरनं कुणाला कळू दिलं न्हाय.’ मी नुसतं ‘बरं’ लिहून पाठवलं.

तू उठून माझ्या खोलीत आलीस. मला बाजूला सारलंस आणि उभ्या उभ्या माझ्याच कीबोर्डवर बडवलंस: ‘मी एवढं लिवलं आन तू एका शब्दात भागवतीस व्हय? नीट लिव.’ उभी राहिलीस, मी लिहायला लागेपर्यंत. त्या दिवशी मी तुला पहिल्यांदा मोठं पत्र लिहिलं, भावाबद्दल, ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी एकाच रिक्षातून घरी आलो. तू भाकऱ्या केल्यास, मी ताटं घेतली.

दुखणं परत आलं तेव्हा तुला पेन धरवेना. दवाखान्यात तू माझा तळहात ओढून घेतलास आणि त्यावर बोटं चालवायला लागलीस. मला वाटलं, कुरवाळतेयस. मग लक्षात आलं, तू टाइप करतेयस. कुठलं बोट कुठं पडतंय ते मी डोळे फाडून बघत होते. एखादं अक्षर लागायचं, पुढचं निसटायचं. बरंच काही होतं ते, भराभर चाललं होतं. संपल्यावर तू माझ्याकडे बघितलंस, उत्तराची वाट बघत. मी म्हणाले, “परत लिही, आई.” तू हात उचललास, पण तो मध्येच चादरीवर पडला. दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

कारखाना बंद पडला, तो सर्व्हर भंगारात गेला. मी अजून लोकांच्या कंपन्यांचे मेल सांभाळते. हे सगळं मेलच्याच खिडकीत लिहिलंय, वर तुझा जुना पत्ताही घातलाय. पाठवणार नाही. असा पत्ताच नाही म्हणून लगेच परत येईल, आणि ते मला मशीनकडून ऐकायचं नाही.

लोक अजून म्हणतात, बिचारीचा आवाज गेला, शेवटची वर्षं फार वाईट काढली. मीही मान हलवते. तुला म्हणून सांगते, आई, माझ्यासाठी तीच वर्षं सगळ्यात चांगली होती.