पंख्याखालची खुर्ची

२ जून, सोमवार
आमचं जुनं गिऱ्हाईक सावळाराम, त्याची मुलगी स्नेहल आजपासून माझ्या बी-बियाण्याच्या दुकानात. बी.एस्सी. ॲग्री झालीय, कुबडी घेऊन चालते. दोन वर्षं मुलाखती दिल्या – कुबडी पाहून सगळे 'कळवतो' म्हणाले. कळवलं कुणीच नाही. सावळाराम म्हणाला, "शेठ, आता तुमीच बघा." मी लगेच हो म्हटलं. पंख्याखाली गादीची खुर्ची दिली. बायको कस्तुरबाई म्हणते, पुण्य लागेल. लागू दे की!

५ जून, गुरुवार
ती दोनदा उठली, मी दोनदा बसवली. बियाण्याची पाकिटं दुकानातला पोरगा पप्पू काढतो, ठिबकच्या नळीचं माप मी काढतो. "मग मी काय करू?" म्हणाली. म्हटलं, बैस, चहा घे.

९ जून, सोमवार
एकानं टोमॅटोची पानं आणली. मी चष्मा लावेपर्यंत स्नेहलनं रोग सांगितलासुद्धा. पोरगी हुशार आहे. पण लागवडीचे दिवस, गर्दी फार, धक्का लागायचा – म्हणून तिची खुर्ची आत गोदामाजवळ हलवली.

१४ जून, शनिवार
गेणभाऊच्या रानाचं माप स्नेहलनं हट्टानं काढलं. नळी निम्मीच धरली. दुपारी गेणभाऊ तापून परत. "शेठ, निम्मं रान कोरडं ठिवू का?" मी 'चूक माझी' म्हणून निभावून नेलं, नवं माप मीच काढलं. तिला चकार शब्द बोललो नाही. खरं सांगायचं तर स्वतःवर खूशच होतो.
पप्पूनं काकडीऐवजी दोडक्याचं बी दिलं. त्याची मात्र बिनपाण्यानं केली.

१६ जून, सोमवार
दुकान उघडताच स्नेहल समोर उभी. "पप्पू चुकला की तुमी त्याला झापता. मला का नाय? चूक माझी व्हती. ती मला सुधारू बी दिली नाय."
म्हटलं, अगं, तुझं हे असं –
"माझं कसं हाय ते मला माहीत हाय, शेठ. मला काम द्या."
राग आला. एवढं केलं त्याचं हे!  पप्पूला चहा आणायला पाठवलं. तिनं तो घेतला नाही.

१८ जून, बुधवार
स्नेहल आली नाही. कालही नव्हती.

२३ जून, सोमवार
स्नेहल समोरच्या दुकानात लागली. तिथला मालक महाफटकळ. पहिल्याच दिवशी चारचौघांत झापलं म्हणे तिला. सावळाराम हे हसत सांगत होता – "लई खूश हाय पोरगी." मला फार लागलं. दुपारभर रस्त्यापलीकडून तिचा गिऱ्हाइकांशी बोलण्याचा आवाज येत होता. तिचा आवाज एवढा मोठा आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.