मंगेशच्या कॉमिक्सची पेटी

चि. इंद्रजीत,

तू जुनी कॉमिक्स जमवतो म्हणून आमच्या मंगेशची तुले देतो, असं मी फोनवर बोललो. तुझ्या काकूले इचारलंच नाही. पोरगा जाऊन दोन वर्षं झाली, पन ती पेटी मले पाहवत नव्हती.

तू बोरी अरबहून नेरले आला, तवा काकू पेटीवर हात ठेवून बसली होती. तू म्हणाला, "राहू द्या काका, लिखापढी कुठं झाली?"

काकूच उठली. माझ्याकडं बोट करून म्हणे, "यायनं जबान देल्ली ना? मंग घेऊन जा."

तिच्यासाठी एखादा अंक परत मागावा म्हणून लिहाले बसलो, पन हे पत्र धाडणार नाही. तिनं राखलेला शब्द मी कसा मोडू? त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही.

तुझा,
विठ्ठलकाका