दोरी निसटली नव्हती

शनि., २९ नोव्हें. सकाळ. पठारावर, तंबूबाहेर.

कालच्या नोंदीत चूक आहे. लिहिलंय : "झऱ्याजवळ खारीची दोरी हातातून निसटली. पंधरा-वीस मिनिटांनी आपणहून आली." दोरी निसटली नव्हती. मी कडी काढली.

आत्याचा नियम : चुकलेलं खोडायचं नाही, पान फाडायचं नाही, खाली तारीख घालून दुरुस्ती लिहायची. दम्यामुळे तिसरीपर्यंत मी सांगलीला घरीच शिकले, तिच्याजवळ. पाटी कधी दिलीच नाही तिने. म्हणायची, पाटी पुसता येते.

तर दुरुस्ती. पावणेसहाच्या सुमारास चढ संपला. ऊन उतरलं होतं. रणजित तंबूला जागा बघायला पुढे गेला. जाताना म्हणाला, "दोन्ही कुत्र्यांच्या दोऱ्या हातात ठेव. इथं मेंढरं असतात." मी बाटल्या भरत होते. दगडू झऱ्यात पोट टेकून बसला. खारी दोरी ताणून उभी, कान पुढे, अंगाला बारीक थरथर. मी सगळीकडे बघितलं, दोनदा. एकही मेंढरू दिसलं नाही. तिच्या गळपट्ट्यातली कडी काढली.

कारणही लिहायला हवं. दोऱ्या पायात येत होत्या हे खरं, पण ते कारण नाही. दगडू माझा, लग्नात सांगलीहून माझ्याबरोबर आलेला. खारी रणजितची. दोन वर्षं तिला जेवण मी घालते, आणि दार वाजलं की ती धावते त्याच्याकडे. वाटलं, मी मोकळं सोडलं तर... एवढंच. फार लहान कारण आहे.

परत आली तेव्हा तोंड ओलं होतं. रणजित आला तेव्हा मी दोरी गुंडाळत होते. "निसटली काय?" म्हणाला. मी म्हणाले, "हो." त्याने रुमाल काढून तिचं तोंड पुसलं.

बाकी नोंद बरोबर. वडापच्या जीपमध्ये दगडू ड्रायव्हरशेजारी बसला हे खरं. माझी सॅक नऊ किलो, त्यातली दोन किलो औषधंच, हेही खरं. र. हसला, ते लिहायचं राहिलं होतं : "अगं, डोंगर चढायचाय, दवाखाना काढायचा नाही."

शनि. दुपार.

र. ला घोंगडी वाळत घातलेली दिसली आणि त्याचे पाय तिकडेच वळले. मेंढरांचा वाडा. माणसं दोनच, बिरूमामा आणि त्यांची बायको हौसाबाई. शे-दीडशे मेंढरं, जाळीचं कुंपण, तीन दगडांची चूल. र. च्या घरी, माणमध्ये, तो दहावीत जाईपर्यंत तात्यांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, मेंढरं होती. तिथे पोचताच त्याची भाषा बदलली, बसणंसुद्धा.

"कुठलं पाव्हणं?"

"दहिवडीकडचं, मामा. आमचीबी मेंढरं हुती."

"मग लांब का बसलाय? या की हिकडं. आन् ही पाठीवर पोती कसली?"

"फिराय आलोय."

"वझं घिऊन?" हौसाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "आमी जलमभर वझं उतराय बघतोय, आन् ही शिकल्याली माणसं हौसेनं पाठीवर घेत्यात!" मग दगडूकडे बघून, "आन् ह्याला दप्तर! शाळंला निगालाय काय रं?" (जुन्या जीन्सच्या पायांची पिशवी शिवलीय र. ने त्याला. त्याचं खाणं तोच वाहतो.)

मेंढीच्या दुधाचा चहा. दाट, थोडा खारट. प्यायले. मीही हसत होते.

मग ती मेंढी दिसली. कुंपणाबाहेर, वेगळी. मागच्या मांडीवरची लोकर उपटलेली, खाली हळद लावलेली. गाभण आहे. आणि पलीकडे दगडाला आखूड बांधलेला काळा कुत्रा, वर्षाचाही नसेल. पुढ्यातली भाकरी तशीच.

"ह्यानं केलंय," मामा म्हणाले. "काल दिस बुडताना ती झऱ्याकडं म्हागं ऱ्हायली. जाऊन बघतोय तर काळ्या जवळ हुबा, तोंड रगतानं भरल्यालं."

"चाटत हुतं आवं ते," हौसाबाई म्हणाल्या. "धरणारं कुत्रं तितंच हुबं ऱ्हातंय व्हय?"

"तू बघितलंस?"

"बघितलं न्हाई."

"मग झालं."

मी विचारलं, आता काय करणार. माझा आवाज मलाच चोरटा वाटला.

"एकदा लोकरीला तोंड लावलं की कुत्रं सुधारत न्हाई, ताई. वाड्यावर ठेवत न्हाईत. मारायचं न्हाई, लेकरागत वाढिवलंय. येत्या गुरवारी ही बाजार करंल, शुक्रवारी पहाटं वाडा खाली उतरंल, कोकणाकडं. वाटंत पूल हाय. पुलाच्या अल्याड बांदून जायाचं. कुणाला गरज आसंल तर न्हेईल."

"आन् न्हाई नेलं तर?" हे हौसाबाई, चुलीकडे बघत.

मामा उठून जाळीची खुंटी ठोकू लागले.

काळ्या दगडूवर गुरगुरला नाही. खारीवर गुरगुरला. एकदाच, खालच्या आवाजात. खारीने मान वळवली.

झरा तोच. वेळ तीच. माझ्या हातात चहा होता. कप खाली ठेवायचा आणि बोलायचं, एवढंच काम होतं. मी कप संपवला. "चहा छान झालाय" म्हणाले. र. जमिनीवर काडीने रेघा ओढत होता.

निघताना चहा पावडरचा पुडा आणि गुळाची ढेप तिथे ठेवली. हौसाबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. तो हात अजून गालावर आहे.

रवि., ३० नोव्हें. सातारा, घरी.

उतरलो. गुडघे दुखतात. दगडू पिशवीसकट झोपलाय. पहिला ट्रेक कसा झाला म्हणून सगळे विचारतायत. फोटो पाठवले : सूर्योदय, तंबू, दप्तरवाला दगडू. लोकांनी बदाम पाठवले.

खारीचा फोटो पाठवला नाही.

वाटेत र. शी फक्त वाटेबद्दल बोलणं. "इथे पाय जपून." "दगडूला उचल." तीन वेळा तोंड उघडलं मी. तिन्ही वेळा पाणी मागितलं.

सोम., १ डिसें.

लॅबमध्ये दोन नळ्यांवरची नावं चार-चारदा तपासली. मॅडम म्हणाल्या, "केतकी, तुझ्यामुळे चूक होत नाही, पण जेवायची वेळ होते." इथे एका रक्ताचं नाव दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून मी पगार घेते.

संध्याकाळी ट्रेकचे कपडे धुवायला काढले. र. च्या पँटच्या खिशात रुमाल. घडी उघडली. तपकिरी डाग आणि पांढऱ्या लोकरीचे पाच-सहा धागे. वाळून कडक झालेले.

जेवताना ताटाशेजारी ठेवला.

तो बराच वेळ भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला, "निसटलेली दोरी कुत्र्याच्या गळ्यात असते, केतकी. ती तुझ्या हातात होती."

म्हणजे त्याला शुक्रवारीच कळलं होतं. दोन्ही गोष्टी. तिने केलेली आणि मी केलेली.

"मग मामांसमोर का नाही बोललास?"

"तू बोलशील असं वाटलं. नाही बोललीस तेव्हा बरंही वाटलं. खोटं कशाला सांगू."

मग दुसरं सांगितलं, जे मला माहीत नव्हतं. खारी शिरवळला सापडली, त्याच्या कंपनीच्या अलीकडच्या पुलाखाली. गळ्यात दोरीचा तुकडा होता. तो मीच कात्रीने कापून टाकला होता, घाण आहे म्हणून. "लोकरीची दोरी होती ती, हातानं वळलेली. मला त्याच दिवशी कळलं. वाड्यावरचं कुत्रं. कुणीतरी बांधून पुढं गेलेलं."

कशासाठी बांधून जातात, ते शनिवारपासून मलाही माहीत आहे.

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर घरात घेतली असतीस तिला?"

घेतली असती, असं लिहिणार होते. खरं हे की मला माहीत नाही.

मी विचारलं, पठारावर नेलीच का मग. म्हणाला, "दोन वर्षांत गल्लीतल्या कोंबडीकडं बघितलं नाही तिनं. वाटलं, विसरली असेल. आणि दोरी होतीच की." दोरी होतीच की. हे तो मला टोचायला म्हणाला नाही, म्हणून जास्त लागलं.

मंगळ., २ डिसें.

र. म्हणतो, फोनवर सांग. मामांनी नंबर दिलाय. दुपारी लावला. रेंज येत-जात. हौसाबाईंनी उचलला.

"कोण? दप्तरवाल्या कुत्र्याची माणसं व्हय! तुमची पावडर लय चांगली हाय, लेकी."

मी विचारलं, मेंढी कशी आहे.

"उटती, बसती. पोटातलं काय सांगता येत न्हाई. काळ्यानं भाकरीला तोंड लावलं न्हाई अजून. मी बांदायला नगं म्हंते, तर धनी आयकत न्हाई—"

फोन कट. परत लागला नाही. परत लागला असता तर बोलले असते का? दोनदाच लावला. तीनदा लावता आला असता.

नंतर आत्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ऐकून घेतलं तिने. रागावली नाही, हेच तिचं रागावणं. "दुरुस्ती कुठे लिहितेस?" म्हणाली. रोजनिशीत, म्हटलं. "ती बिरूमामा वाचतात?"

नाही वाचत.

"चूक ज्या पानावर, दुरुस्ती त्या पानावर. मी तुला वेगळं काही शिकवलं होतं का?"

उद्याच गेले असते. लॅबमध्ये उद्या मी एकटीच आहे, दुसरी मुलगी सुट्टीवर. हे कारण खरं आहे. तरी ते मिळालं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवते.

र. आज बोलला, दार लावून, शांतपणे. "सांगितलं की मामा काळ्याला सोडतील. आणि म्हणतील, मग आता हिला बांधा. मी काय उत्तर देऊ? नियम आमचाच आहे. चार दिवसांत माणमध्ये तात्यांच्या कानावर जाईल, मेंढक्याच्या सुनेनं लोकरीला लागलेलं कुत्रं घरात ठेवलंय. खारीला परत गावी नेता येणार नाही. कदाचित मलाही ताठ मानेनं जाता येणार नाही."

"आणि काळ्या?"

तो गॅलरीत गेला. खारी त्याच्या मागे गेली.

तो लहान असताना तात्यांनी एक कुत्रा असाच सोडला होता, हे लग्नाआधी एकदा सांगितलं होतं त्याने. राजा नाव. र. दोन दिवस जेवला नव्हता. त्या राजानेच मेंढरू धरलं होतं की आणखी कुणी, हे त्याने कधी विचारलं असेल का? आज मी विचारणार होते. नाही विचारलं. ते त्याचं पान आहे.

बुध., ३ डिसें. संध्याकाळ.

रजा मिळाली. अर्जात कारण "घरगुती" लिहिलं. मग त्याखाली लिहिलं, "कुत्र्याच्या कामासाठी." मॅडमनी दोन्ही वाचलं, माझ्याकडे बघितलं, सही केली.

भीती वाटते. कशाची, ते क्रमाने लिहून बघितलं तर कमी होते, पण क्रम लागत नाही. मामा ओरडतील याची नाही. हौसाबाईंनी गालावर हात फिरवला होता, त्या आता काय करतील याची आहे. मामा खारीकडे बोट दाखवतील तेव्हा मी काय म्हणेन, ते ठरवलंय : तिला मी परत घरी नेणार, दोरी माझ्या हातात राहील, चूक तिच्या दातांची असली तरी कडी तिने काढली नाही. हे त्यांना पटेल असं नाही. त्यांच्या नियमात कडीला जागा नाही.

आणि वाडा एक दिवस आधीच हलला असेल तर? फोन आज दिवसभर बंद आहे.

र. शी सकाळपासून बोलणं नाही. रागाने नाही. संध्याकाळी त्याने खारीच्या कडीत तेल घातलं, दोनदा उघड-मीट करून बघितली आणि दोरी दारामागच्या खिळ्याला लावली. येतोस का, मी विचारलं नाही. येतो, तो म्हणाला नाही. त्याची सॅक रविवारपासून कोपऱ्यात तशीच आहे, फुगलेली. जायला भरून ठेवलीय की आल्यापासून उघडलीच नाही, बघून कळत नाही. हात लावून बघणार नाही.

माझ्या सॅकमध्ये : पाणी, भाकरी, जखमेवरचं मलम, जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मेंढीसाठी. आणि तो रुमाल. धुतलेला नाही.

वर एका ओळीत "उद्या जाणार" असं लिहायला घेतलं होतं. आत्या म्हणते, उद्या लिहू नये, तो रोज असतो. तारीख लिही.

गुरुवार, ४ डिसेंबर. सकाळी सहाची वडाप. हौसाबाई बाजाराला उतरायच्या आत. म्हणजे दोघांसमोर.

पहिलं वाक्य तेवढं ठरलंय. कडी मी काढली.